नवा चेंडू जुना करणारा

आमच्या सौभाग्यवतींचे माहेर बीडचे. लग्न झाल्यापासून मी एक वाक्य ऐकत आलो आहे : "बीडला लवकरच रेल्वे येणार!" हे वाक्य मला सासऱ्यांनी पहिल्या दिवाळसणाला ऐकवले आणि पुढे प्रत्येक दिवाळीला तितक्याच विश्वासाने ऐकवले. त्याच जिल्ह्यातल्या परळी वैजनाथला गाडी केव्हाचीच येत होती. बीड शहराच्या वाट्याला मात्र एस.टी. आणि तिची धूळ. अखेर १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर गाडी सुरू झाली. त्या दिवशी आमच्याकडे पुरण शिजले. सासरे असते तर त्यांनी स्टेशनमास्तरांना नारळच दिला असता!

पुरणपोळी खाताना मी सौ.ला एक गंमत सांगितली. म्हटले, "तुमच्या बीडला रेल्वे आली ती २०२५ साली, पण बीडचा एक मुलगा त्याच्या बत्तीस वर्षे आधीच रेल्वेत जाऊन बसला होता."

"कोण हो? आमच्या ओळखीतला?"

"ओळखीतला नव्हे. क्रिकेटमधला. संजय बांगर."

सौ.ने पोळीवर तूप सोडले आणि विषय संपवला. आमच्याकडे क्रिकेट निघाले की विषय असाच संपतो. पण या खेपेला तो संपला नाही, कारण ताटावर तिसरा माणूस बसला होता. तो म्हणजे सौ.चा भाचा.

हा भाचा मूळचा बीडचाच. पुण्यात कॉलेजला असल्यामुळे तीन वर्षे आमच्याकडे राहतो. मुलगा गुणी, पण नशिबाने यष्टिरक्षक. फलंदाज संघात सहा मावतात, गोलंदाज चार-पाच मावतात, यष्ट्यांमागे मात्र एकच माणूस उभा राहतो. कॉलेजच्या संघात दुसरा एक यष्टिरक्षक आहे आणि तो फलंदाजीही बरी करतो. त्यामुळे आमचे चिरंजीव दोन हंगाम पाण्याच्या बाटल्या नेण्याचे काम इमानेइतबारे करीत आहेत.

आठ दिवसांपूर्वी मेहुण्यांचा बीडहून फोन आला होता. "भावोजी, तुमचे तो ऐकतो. त्याला सांगा, आता पुरे. खेळून कोणाचे भले झाले आहे?" मी होकार देऊन बसलो होतो. उपदेशाचे चार मुद्देही मनाशी जुळवले होते. आणि नेमके त्याच जेवणात चिरंजीव म्हणाले, "काका, मी हातमोजे विकून टाकतोय. एक जण घ्यायला तयार आहे."

माझे काम परस्पर झाले होते! मला आनंद व्हायला हवा होता. पण त्याचा चेहरा पाहिला आणि घास घशाखाली उतरेना. मी नुसते विचारले, "संजय बांगर माहीत आहेत का तुला?"

"टीव्हीवर हिंदीत बोलतात ते ना?"

"तेच. तुझ्या गावचे."

चिरंजीवांना हे ठाऊक नव्हते. तेव्हा जेवण झाल्यावर सुपारी कातरत मी त्याला जे सांगितले, तेच वाचकांपुढे ठेवतो.

बांगर यांचा जन्म बीडचा, ११ ऑक्टोबर १९७२ चा. बहात्तर साल म्हटले की आमच्या पिढीला आणखी काही सांगावे लागत नाही. दुष्काळाचे ते साल. बीड जिल्ह्याला बाहेर जाऊन पोट भरण्याची सवय जुनी आहे. अजूनही दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोयता आपला, ऊस दुसऱ्याचा. बांगर यांच्या हाती कोयत्याऐवजी बॅट होती, एवढाच फरक. महाराष्ट्र आणि मुंबई यांच्या कुमार संघांतून ते खेळले. पण रणजी करंडकाचे दार त्यांना उघडले ते रेल्वेने, १९९३-९४ च्या हंगामात.

रणजी स्पर्धेतला रेल्वेचा संघ हे एक निराळेच प्रकरण आहे. इतर संघांना आपापला प्रांत असतो, आपापले प्रेक्षक असतात. रेल्वेच्या संघाला प्रांत नाही. दिल्लीचे कर्नेलसिंग मैदान हे त्यांचे घर. पण स्टेडियमबाहेर "आपली पोरे" म्हणून ओरडणारे कोणी नाही. आपल्या प्रांतात जागा न मिळालेले, अथवा जागेची वाट पाहून कंटाळलेले खेळाडू इथे येतात. रेल्वे त्यांना नोकरी देते, पगार देते आणि खेळायला सांगते. थोडक्यात, धर्मशाळाच म्हणा ना! पण याच धर्मशाळेने २०००-०१ मध्ये रणजीची अंतिम फेरी गाठली. तेव्हा बडोद्याने त्यांना हरवले. पुढच्याच वर्षी रेल्वेने त्याच बडोद्याला हरवून करंडक प्रथमच जिंकला. २००४-०५ मध्ये पंजाबला नमवून पुन्हा जिंकला.

या संघात बांगर सलामीला येत आणि मध्यमगती गोलंदाजीही करीत. एक हंगाम गेला, दोन गेले, आठ गेले. भारताच्या संघात त्यांचे नाव आले तेव्हा वयाची एकोणतीस वर्षे उलटली होती. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले. त्याच सामन्यात तेव्हाच्या औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकीही प्रथम खेळला. एकाच कसोटीत मराठवाड्याचे दोन गडी! सिद्दिकीची ती पहिली आणि शेवटचीही कसोटी ठरली.

बांगर यांना फेब्रुवारी २००२ मध्ये नागपूरला झिंबाब्वेविरुद्ध संधी मिळाली आणि त्यांनी सातव्या क्रमांकावर येऊन नाबाद १०० धावा केल्या. पण दैव पाहा. त्याच डावात सचिन तेंडुलकरने १७६ केल्या. आता तुम्हीच सांगा, लोक कोणाचा डाव लक्षात ठेवणार?

त्यांची खरी कसोटी पुढेच होती. ऑगस्ट २००२, इंग्लंडमधले लीड्स, हेडिंग्ले मैदान. मालिकेत भारत एका सामन्याने मागे. आभाळ भरलेले, खेळपट्टी ओलसर. अशा हवेत नाणेफेक जिंकणारा कर्णधार सहसा समोरच्याला फलंदाजी देतो. सौरव गांगुलीने ती स्वतः घेतली आणि दोन फिरकी गोलंदाज संघात ठेवले. वीरेंद्र सेहवागबरोबर सलामीला पाठवले बांगर यांना. सेहवाग ८ धावा करून परतला. आता उरले बांगर आणि राहुल द्रविड.

क्रिकेट न पाहणाऱ्या भगिनींसाठी इथे एक खुलासा करतो. नवा चेंडू टणक असतो, चकचकीत असतो, त्याची शिवण उभी असते. ढगाळ हवेत तो शेवटच्या क्षणी वळतो. चाळीस-पन्नास षटके मार खाल्ली की तो मऊ पडतो, झळाळी जाते, मग त्याच्यावर हात मोकळा करता येतो. म्हणजे कोणीतरी आधी त्या चेंडूला जुना करावा लागतो. हे काम धावांचे नव्हे, सोसण्याचे आहे. कुठला चेंडू सोडायचा हे कळावे लागते. आपल्याकडे मारलेल्या चेंडूला टाळ्या पडतात; सोडलेल्या चेंडूला अजून कोणी टाळी दिल्याचे मी पाहिलेले नाही.

बांगर त्या दिवशी २३६ चेंडू खेळले. म्हणजे एकट्याने जवळजवळ चाळीस षटके! धावा केल्या ६८. द्रविडबरोबर १७० धावांची भागी झाली. ते बाद झाले तेव्हा चेंडू जुना झाला होता आणि इंग्लंडचे गोलंदाज दमले होते. मग पुढे द्रविडने १४८ केल्या, तेंडुलकरने १९३, गांगुलीने १२८. तिघांच्या मिळून ४६९ झाल्या. भारताने ८ बाद ६२८ वर डाव सोडला आणि एक डाव ४६ धावांनी सामना जिंकला. १९८६ नंतर इंग्लंडमध्ये मिळालेला तो पहिला कसोटी विजय. दुसऱ्या डावात बांगर यांनी दोन बळीही घेतले. आज त्या सामन्याची आठवण निघाली की लोक तीन शतके सांगतात. जाणकार मात्र चौथा आकडा सांगतात.

यावर कोणी म्हणेल, सावकाश खेळणे हा त्यांचा स्वभावच असेल. तसे नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदाबादला वेस्ट इंडीजविरुद्ध एकदिवसीय सामन्यात भारताला ३२५ धावा हव्या होत्या. तिथे याच गृहस्थांनी ४१ चेंडूंत नाबाद ५७ करून द्रविडबरोबर सामना जिंकून दिला. सांगायचा मुद्दा असा की, हेडिंग्लेचा संथपणा हा त्यांचा कामाचा कपडा होता. काम बदलले की कपडा बदलत असे.

आणि मग? मग डिसेंबर आला. न्यूझीलंडच्या हिरव्या खेळपट्ट्यांवर साऱ्याच फलंदाजांची दैना उडाली. हॅमिल्टनला भारत ९९ मध्ये गुंडाळला आणि न्यूझीलंड ९४ मध्ये! बांगर यांनाही धावा झाल्या नाहीत. ती त्यांची बारावी आणि शेवटची कसोटी. डिसेंबर २००१ ते डिसेंबर २००२, एका वर्षात सगळे आटोपले. २००३ च्या विश्वचषकाला ते संघाबरोबर गेले. भारत अंतिम फेरीपर्यंत अकरा सामने खेळला. त्या अकरांपैकी एकाही सामन्यात बांगर यांना मैदानात उतरवले नाही.

इथे आमच्या चिरंजीवांनी मान वर केली. "अकराही?"

"अकराही."

त्यानंतर माणूस काय करतो? रुसतो, मुलाखती देतो, घरी बसतो. बांगर पुन्हा रेल्वेकडे गेले आणि आणखी दहा वर्षे खेळले. जानेवारी २०१३ मध्ये निवृत्त झाले तेव्हा प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर आठ हजारांवर धावा आणि तीनशे बळी होते.

पुढच्याच वर्षी ते आय.पी.एल.मधल्या पंजाबच्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि तो संघ २०१४ साली प्रथमच अंतिम फेरीत गेला. पंजाबला पुन्हा तिथवर पोचायला अकरा वर्षे लागली. त्याच ऑगस्टमध्ये भारतीय संघाने त्यांना फलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून घेतले. त्या उन्हाळ्यात विराट कोहलीला इंग्लंडमध्ये पाच कसोटींत अवघ्या १३४ धावा जमल्या होत्या. २०१८ मध्ये तो त्याच इंग्लंडमध्ये गेला आणि पाच कसोटींत ५९३ धावा करून आला. पुढे ऑस्ट्रेलियात भारताने प्रथमच कसोटी मालिका जिंकली. त्या मालिकेत चेतेश्वर पुजाराने १२५८ चेंडू खेळून ५२१ धावा केल्या. याचे श्रेय बांगर यांना देणे हा कोहली-पुजारांवर अन्याय होईल. पण नवा चेंडू जुना करणे ही काय वस्तू आहे, हे ज्याने अंगावर घेऊन जाणले होते, असा माणूस त्या वर्षांत त्यांच्या सरावाला उभा होता, हे विसरणेही न्यायाचे नाही.

शेवट गोड आहे असे समजू नका. २०१९ च्या विश्वचषकात उपांत्य सामना हरल्यावर मुख्य प्रशिक्षक राहिले, गोलंदाजीचे राहिले, क्षेत्ररक्षणाचे राहिले. बदलले ते एकटे फलंदाजीचे, म्हणजे बांगर. पुढे बंगलोरच्या संघाचे दोन हंगाम ते मुख्य प्रशिक्षक होते. २०२३ मध्ये तिथेही बदल झाला. वर्षअखेर पंजाबने त्यांना पुन्हा बोलावले. एक संघ सुटला की दुसरा. कोयता आपला, ऊस दुसऱ्याचा.

एवढे सांगून मी सुपारी तोंडात टाकली. मला वाटले, पोरगा आता भारावून जाणार. पण आजकालची पोरे भारावत नाहीत. तो म्हणाला, "काका, त्यांना निदान दाखवायला एक शतक आहे. आठ वर्षे थांबून ज्यांना काहीच मिळाले नाही, त्यांचे काय?"

प्रश्न खरा होता. रेल्वेच्या संघातूनच असे किती गेले असतील, ज्यांची नावे मी त्याला सांगू शकलो नाही! मी खोटे बोललो नाही. म्हटले, "बाबा रे, वाट पाहिली म्हणजे मिळतेच, असे मी तुला सांगणार नाही. तुझी जागा तर आणखी अवघड. विलायतेत फुटबॉलचे राखीव गोलरक्षक असेच वर्षानुवर्षे बाकावर बसतात. एकच जागा, दोन माणसे. पण त्यांतलेच काही पुढे शिक्षक होतात. ज्याला जागा फुकट मिळाली, त्याला ती कशी मिळाली हे सांगता येत नाही. ज्याने बसून पाहिले, त्याला सांगता येते. तुला हातमोजे विकायचे असतील तर वीक. पण खेळ आवडेनासा झाला म्हणून वीक. बाटल्या नेण्याची लाज वाटते म्हणून विकू नकोस."

तो काही बोलला नाही. उठून आत गेला.

दोन दिवसांनी मेहुण्यांचा फोन. "सांगितलेत का त्याला?"

"सांगितले."

"मग काय म्हणाला?"

मी जरा घुटमळलो. "विचारत होता, बीडच्या नव्या गाडीत क्रिकेटची मोठी बॅग न्यायला काही हरकत नाही ना. सुट्टीत तिकडे सराव करायचा म्हणतो."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग मेहुणे सावकाश म्हणाले, "भावोजी, ते रेल्वेत नोकरी देतात म्हणालात, ती पक्की असते का हो?"

भाऊबीजेला सौ. बीडला जाणार आहे. मी जावे की नाही, याचा अजून विचार करतो आहे.