दुर्बीण गळ्यात घाला, बंदुकीवर नको



हळवं भात लोंबीला आलंय, गरवं निसवतंय आणि डुकरं रोज रात्री खाली उतरतायत. खाचराच्या मधोमध लोळवलेलं भात ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. डुक्कर खातं थोडं, तुडवतं जास्त. दाणा दुधात असताना कळप शिरला की एक रात्र पुरते, मग कापणीला तिथे विळा लावायचं काम उरत नाही.

त्यामुळे याच दिवसांत आटगाव-खर्डीपासून तिकडे मुरबाडपर्यंत बंदुकीच्या गप्पा सुरू होतात. यंदा त्यात एक नवीन खूळ आलंय. परवान्याच्या ठासणीच्या बंदुकीवर दुर्बीण बसवायची. पंधरा दिवसांत तिघांनी मला विचारलं, "भाऊ, तीन-नऊ-चाळीस घेऊ का चार-बत्तीस?" तिघांच्याही मोबाईलमध्ये तेच अमेरिकेचे व्हिडिओ. माणूस झाडावरच्या खुर्चीत बसलाय, दीडशे मीटरवर हरीण उभं आहे, धूर निघाला की हरीण आडवं.

मी तिघांनाही सांगितलं, एकही घेऊ नका. का ते इथे सविस्तर लिहितो, कारण तीन हजार रुपये गेल्याचं दुःख नाही, माणूस जाईल याची भीती आहे.

पहिली गोष्ट, ती बंदूक आणि आपली बंदूक एक नाही. दोन्ही तोंडाकडूनच भरतात, पण साम्य तिथेच संपतं. त्यांच्या नळीला आतून पीळ दिलेला असतो, गोळी फिरत जाते म्हणून सरळ जाते. दारू मापाची, गोळी कारखान्याची, प्रत्येक बार सारखा. आपली नळी आतून गुळगुळीत. गोळ्या चिंधीत गुंडाळून गजाने ठासायच्या, नाहीतर छर्रे. दारू आज दमट, उद्या कोरडी. चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे गोळी नेमकी कुठे जाईल हे बंदुकीलाही ठाऊक नसतं. दुर्बीण नेम दाखवते, गोळीला वाट दाखवत नाही. आणि दुर्बीण जुळवायची म्हणजे एकाच अंतरावर, एकाच मापाच्या दारूने दहा-पंधरा बार टाकून बघावे लागतात. परवान्यावर दारू आणि केप किती ठेवायच्या याची मर्यादा लिहिलेली असते. ते बार कुठे टाकणार, पाड्याच्या मागे? दुसऱ्या दिवशी दारू बदलली की जुळवलेलं सगळं परत बिघडलं.

त्या अमेरिकेतही सगळीकडे दुर्बीण चालते असं नाही. कोलोरॅडो राज्यात ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो आणि त्यात दुर्बिणीला मनाईच आहे. का? तर ही बंदूक जवळून मारायची, आणि ती जवळचीच राहावी म्हणून. हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

आता दुर्बिणीचं गणित. तीन-नऊ-चाळीस म्हणजे तीनपट ते नऊपट मोठं दिसणार, पुढची काच ४० मिलिमीटर. नऊपटीवर १०० मीटरवर साधारण साडेचार मीटर रुंदीचं चित्र दिसतं. आपलं डुक्कर १०० मीटरवर नसतं. ते ३० मीटरवर, बांधाच्या खाली असतं. तिथे चित्राची रुंदी राहते जेमतेम दीड मीटर, म्हणजे एका डुकराएवढी. काचेत काळे केस दिसतील. ते डुकराचे, म्हशीच्या पारडाचे, का घोंगडी पांघरून बसलेल्या राखणदाराचे? बाजूला कोण, मागे कोण, काही कळणार नाही. शिवाय या दुर्बिणी बहुतेक लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या येतात. ३० मीटरवर मोठ्या पटीत चित्र धूसर, आणि डोळा जरा हलला की नेमाची फुलीही निशाणावरून सरकते.

रात्रीचं तर बोलूच नका. दुर्बीण उजेड तयार करत नाही. ४० च्या काचेला नवाने भागा, साडेचार मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात येतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे नुसत्या डोळ्याला जेवढा उजेड मिळतो तेवढाही नऊपटीच्या काचेतून मिळत नाही. थर्मल नावाची महाग वस्तू आहे, पण अर्ध्या एकराच्या भातावर तिचे पैसे सात जन्मात वसूल व्हायचे नाहीत.

मग राहिली बॅटरी. बॅटरीच्या झोतात डोळे चमकले की बार टाकायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. हे नीट वाचा. बिबट्या, रानमांजर, भेकर, कुत्रा, गाय यांच्या डोळ्यांच्या मागे उजेड परतवणारा पडदा असतो, म्हणून ते लखलखतात. डुकराच्या जातीत तो पडदा नसतो. त्याचा डोळा चमकलाच तर मंद, लालसर. म्हणजे झोतात दोन हिरवे-पिवळे दिवे दिसले तर ते डुक्कर नाही हेच बहुतेक खरं. आपल्या भागात तो बिबट्या असू शकतो, आणि बिबट्या म्हणजे पहिली अनुसूची. नाहीतर कुणाची तरी गाभण गाय.

आणि माणसाचे डोळे तर चमकतच नाहीत. २०२५ च्या जानेवारीत पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावातली माणसं डुकराच्या शिकारीला गेली. मागून येणाऱ्या आपल्याच माणसाला डुक्कर समजून एकाने बार टाकला. माणूस मेला, घाबरून बाकीच्यांनी मृतदेह झाडीत लपवला, काही दिवसांनी प्रकरण बाहेर आलं आणि पोलिसांनी धरपकड केली. एका चुकीच्या बाराने किती घरं बसली हे मोजा. त्याच्या हातात दुर्बीण असती तर वाचला असता, असं म्हणणारा एकजण मला भेटला. उलट आहे. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून "काय आहे ते" बघायचं म्हणजे आधी बंदूक रोखायची आणि मग ओळखायचं. ओळख पटेपर्यंत नळी कुणावर रोखलेली असते? चाप बोटाखाली, काळजात धडधड, आणि काचेत दीड मीटरचा काळा ठिपका.

बघायचंच असेल तर गळ्यातली दुर्बीण घ्या. सात-पन्नास किंवा आठ-चाळीस, दोन डोळ्यांची, पक्षी बघणारे वापरतात ती. सात-पन्नासमधून डोळ्यात सात मिलिमीटरचा ठिपका येतो, म्हणजे संध्याकाळी आणि चांदण्यात आहे तेवढा सगळा उजेड. तिला परवाना लागत नाही, ती कुणावर रोखली तर कुणी मरत नाही, आणि माळ्यावर बसून डुकरं कुठल्या ओहोळातून वर येतात, किती आहेत, पिल्लं किती, हे आठवडाभरात वहीत उतरतं. कृषी सहायक मंडळींपैकी जे हे वाचतात त्यांना सांगतो, ती वही पंचनाम्याला शंभर गप्पांपेक्षा जड जाते.

दोन आक्षेप येतात ते खोटे नाहीत. एक म्हातारबांचा. "साठी झाली, नळीच्या टोकाचा मणी दिसत नाही." खरं आहे. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतंच. पण त्यावर उपाय म्हणजे मण्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका आणि आधी डोळ्यांची तपासणी. मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. ज्याला मणी दिसत नाही त्याला मणीच्या पलीकडचं माणूसही दिसत नाही, त्याने रात्री बंदूक उचलूच नये, दुर्बिणीसकट तर नाहीच. दुसरा आक्षेप, "नेम अचूक असेल तर जनावर जखमी होऊन पळणार नाही." पिळाच्या नळीला हे लागू. आपल्या नळीला दुर्बीण लावली की माणूस तीसच्या जागी ऐंशी मीटरवर बार टाकायला धजावतो, आणि ऐंशीवर आपल्या गोळीत मारायचं बळही नसतं आणि दिशाही नसते. जखमी डुक्कर झुडपात जाऊन बसतं. सकाळी लाकडाला गेलेल्या बाईला ते भेटतं.

बसवण्याचं तर आणखी वेगळंच. दुर्बिणीचा पाया नळीला भोकं पाडून बसवतात, आणि तेही मागच्या बाजूला, जिथे दारूचा सगळा दाब असतो. हायवेवरचा वेल्डिंगवाला हजार रुपयांत करून देतो म्हणे. नळी फाटली तर गाल आणि डोळा त्याच्या चार बोटांवर आहे. शिवाय परवाना नसताना बंदूक दुरुस्त करणं, बदलणं हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ खाली गुन्हा आहे. तो वेल्डिंगवाला आत जाईल आणि तुमचा परवाना कपाटातून कायमचा जाईल.

आता कायद्याचा विनोद ऐका, कारण खरा राग इथेच काढायला हवा. १९५९ चा शस्त्र अधिनियम, कलम १३. त्यात स्पष्ट लिहिलंय की प्रामाणिक पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. म्हणजे सरकारने आपल्याला मुद्दाम हीच बंदूक दिली. मग १९७२ चा वन्यजीव अधिनियम म्हणतो, बंदूक असली तरी जनावर मारायचं नाही, लेखी परवानगी घ्या. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत गेलं. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली परवानगीची वाट अजून आहे, रानडुक्कर आणि रोह्यासाठी राज्याचा २०१५ चा शासन निर्णयही आहे. पण परवानगीचा कागद हातात नसेल तर तुमच्या बंदुकीचं कायदेशीर काम एकच, हवेत बार उडवून कळप हाकलणं. आवाजाला दुर्बीण कशाला लागते?

आपल्याकडची बरीच गावं तानसा अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत येतात. तिथे कलम ३४ लागतं. परवानाधारकाने आपलं नाव वन खात्याकडे नोंदवायचं, आणि नवीन परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय नाही. अशा भागात बांधावर दुर्बीण लावलेली बंदूक घेऊन कुणी दिसला तर वनरक्षक काय समजेल? "साहेब, पीक राखतोय" हे कोण ऐकेल? साधी बंदूक राखणदाराची दिसते, दुर्बिणीची शिकाऱ्याची. एकाच्या हौसेने सगळ्या तालुक्याच्या पीक संरक्षण परवान्यांवर संशय येईल, हे माझं खरं भांडण आहे.

कुणी म्हणेल, मग भाताचं काय? बरोबर. वन खातं, महसूल आणि कृषी एकमेकांकडे बोट दाखवतात आणि डुक्कर कुणाचंच नसतं, नुकसान तेवढं आपलं असतं. म्हणून तर दुर्बिणीच्या पटींवर वाद घालण्यात वेळ जातोय याची मला चीड येते. केरळात २०२२ मध्ये सरकारने पंचायतीच्या प्रमुखाला पीक नासणाऱ्या रानडुकराला मारण्याचा आदेश द्यायचा अधिकार दिला. परवानाधारक, माहितगार नेमबाजांची यादी पंचायत करते, बोलावते, मेलेलं जनावर नियमाने पुरतात. तिथेही सगळं आलबेल नाही, पण जबाबदार कोण हे तरी ठरलं. आपल्याकडे जबाबदार ठरतो तो एकटा माणूस, अंधारात, बॅटरी तोंडात धरून.

दुसरं, पीक विमा. २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत घेण्याचं केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. ७२ तासांत ॲपवर फोटोसह कळवायचं. पण कुठले प्राणी आणि कुठले भाग घ्यायचे हे राज्याने ठरवायचंय. ठाणे जिल्हा आणि रानडुक्कर त्या यादीत आहेत का, हे किती ग्रामसभांनी विचारलं?

येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. एक, कलम ११ च्या परवानगीसाठी गावाचा एकत्र अर्ज वनक्षेत्रपालांकडे, त्यात बार कोण टाकणार त्याचं नाव आणि परवाना क्रमांक. दोन, विम्याच्या यादीबद्दल तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी विचारणा. साध्या कागदावर चालतं. गट नंबर, पीक, डुकरं आल्याच्या तारखा आणि सकाळचे फोटो जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.