टेप कपाटात, किल्ली कुठे?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ल्याने दिल्लीच्या ‘एम्स’मधील सर्व्हर बंद पडले आणि बाह्यरुग्ण विभागापासून प्रयोगशाळेपर्यंत सारे हाताने लिहावे लागले. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, ती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. कपाटात ठेवलेली चुंबकीय टेप (कॅसेटची थोरली बहीणच ती) याहून सुरक्षित; नेटवर्कला जोडलेलीच नसल्याने हल्लेखोर तिथवर पोहोचत नाही. पण टेप चोरीला जाते. २०११ मध्ये अमेरिकेत मोटारीतून गेलेल्या टेपमध्ये सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांपैकी सुमारे ४९ लाख जणांची माहिती होती. एलटीओ टेपयंत्रांत लिहितानाच माहिती कूटबद्ध करण्याची सोय २००७ पासून आहे. रुग्णालयांनी ती वापरावीच. मात्र किल्ली टेपसोबत ठेवू नये आणि हरवूही नये. नाहीतर पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद चोरासारखीच डॉक्टरलाही वाचता येणार नाही.