मुखवट्याआडचा वार्ताहर

सत्तास्थानी बसलेल्या माणसाने स्वतःच्याच कारभाराची समीक्षा करावी, आणि तीही नाव लपवून, हे कितपत उचित? ऑस्ट्रेलियाचे दुसरे पंतप्रधान आल्फ्रेड डीकिन (१८५६–१९१९) यांची कारकीर्द वाचताना हा प्रश्न आम्हांला स्वस्थ बसू देत नाही.

वकिलीत न रमलेल्या या तरुणाला मेलबर्नच्या 'द एज' या दैनिकाचे मालक डेव्हिड साइम यांनी १८७८ मध्ये लिहिते केले. त्यांच्याच पाठबळावर पुढल्या वर्षी तो व्हिक्टोरियाच्या विधानसभेत पोहोचला. १८९०-९१ मध्ये याच पत्रासाठी डीकिन हिंदुस्थानात आले. इथले कालवे आणि मंदिरे त्यांनी जिज्ञासेने पाहिली. त्यांतून १८९३ साली दोन पुस्तके सिद्ध झाली.

१९०१ साली ऑस्ट्रेलियाचे संघराज्य अस्तित्वात आले आणि डीकिन महान्यायवादी झाले. त्याच वर्षापासून लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये ऑस्ट्रेलियन राजकारणावर निनावी पत्रे येऊ लागली. लेखक स्वतः डीकिन! १९०३ ते १९१० या काळात ते तीनदा पंतप्रधान झाले, तरी लेखणी थांबली नाही. पत्रांतून ते प्रसंगी स्वतःवरही टीका करीत. हे गुपित त्यांच्या हयातीत फुटले नाही. निवडक पत्रे पुस्तकरूपाने आली ती थेट १९६८ मध्ये.

निनावी लेखन ही त्या काळच्या वृत्तपत्रांची रूढीच होती, हे आम्ही जाणतो. आज ही पत्रे इतिहासाचे मोलाचे साधन ठरली आहेत, हेही मान्य. परंतु लंडनचा वाचक त्यांना तटस्थ निरीक्षकाचा शब्द समजत होता. स्वतःवरील टीकेमुळे ही तटस्थता अधिकच खरी भासत असणार. आम्हांला खटकते ते नेमके हेच. आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असेल, तर न्यायनिवाडा कितीही नेमस्त भाषेत लिहिला तरी तो न्याय ठरत नाही.

आणखी एक गोष्ट. हिंदुस्थानावर दोन ग्रंथ लिहिणाऱ्या याच डीकिन यांनी १९०१ च्या स्थलांतर-निर्बंध कायद्याचे समर्थन केले. कोणत्याही युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचे श्रुतलेखन करायला लावून गौरेतरांना, अर्थातच हिंदी माणसांनाही, बंदरावरूनच परतवण्याची सोय त्यात होती. पाहण्याची दृष्टी पत्रकाराची असली, तरी तिच्यातून न्यायबुद्धी आपोआप उपजत नाही.

डीकिन यांची लेखणी समर्थ होती, यात शंका नाही. उणीव होती ती लेखाखालच्या सहीची. शासनकर्त्याने अवश्य लिहावे. मात्र आपल्या नावाने लिहावे, एवढेच आमचे म्हणणे.