साडेतेरा कोटी युरोंची मोटार आणि ल माँची दुपार

५ मे २०२२ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे, मर्सिडीझच्या संग्रहालयात, एक मोटार साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. इतकी किंमत तोवर कोणत्याही मोटारीला आली नव्हती.

ती ‘३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे’. ३०० एसएलआर ही मूळची छत नसलेली शर्यतीची मोटार. अभियंता रुडॉल्फ ऊलेनहाउट यांनी तिला छत आणि पंखांसारखी उघडणारी दारे दिली. अशा दोनच घडल्या, आणि शर्यतीत एकही उतरली नाही.

कारण ११ जून १९५५. फ्रान्समधील ल माँच्या शर्यतीत पिएर लव्हेग यांची ३०० एसएलआर पुढच्या मोटारीवर आदळून उडाली; तिचे सुटे भाग प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक प्राण गेले. कूपे ज्या शर्यतीसाठी सिद्ध होत होती ती मेक्सिकोतील शर्यत रद्द झाली, वर्षअखेर मर्सिडीझनेही माघार घेतली. पुढे ऊलेनहाउट तीच कूपे रोजच्या वापरात नेत!

संग्राहकांनी दुर्मीळतेचे मोल द्यावे, त्यात गैर नाही. विक्रीतून शिष्यवृत्त्यांसाठी निधी उभारला, हे तर स्तुत्यच. परंतु ‘कधीही न धावलेली’ हे बिरुद कारणाविना मिरवणे म्हणजे मृतांना वगळून इतिहास सांगणे होय. दुसरी कूपे कंपनीने स्वतःकडेच ठेवली आहे. तिच्या माहितीफलकाची पहिली ओळ ल माँविषयी असावी.