बाळंतपणाबरोबरच नसबंदी?

ट्रुगानिनात वसलेल्या आपल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींना मुंबई-ठाण्याची रीत अद्याप स्मरत असेल. दुसरे-तिसरे मूल झाले की सूतिकागृहातूनच ‘ऑपरेशन’ उरकून घरी यावयाचे. ही रीत आपोआप पडलेली नव्हती. भारत सरकारने १९६९ साली रुग्णालयांतून प्रसूतिपश्चात कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आरंभिला आणि बाळंतिणीची खाट हीच प्रचाराची जागा झाली. पुढे १९७६ साली तर महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही, हे आपले सुदैव!

वैद्यकीय सोय त्यात आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रसूतीनंतर गर्भाशय काही दिवस बेंबीच्या आसपास असते; तेथे लहानशी चीर देऊन बीजवाहिन्या बांधता येतात. सिझेरियन असल्यास निराळी चीरही लागत नाही. परंतु डॉक्टरांची सोय म्हणजे स्त्रीची संमती नव्हे. अमेरिकेतील एका दीर्घकालीन पाहणीत, तिशीपर्यंत नसबंदी केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २० टक्के स्त्रियांनी चौदा वर्षांच्या अवधीत पश्चात्ताप व्यक्त केला; तिशीनंतरच्यांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. शिवाय हल्ली बीजवाहिनी समूळ काढण्याकडे कल आहे. मग माघार नाही.

येथे आणखी एक अडचण आहे. आपल्या भागातील वेरिबीचे मर्सी रुग्णालय सरकारी निधीवर चालते, पण ते कॅथलिक संस्थेचे आहे व त्यांच्या नीतिनियमांत नसबंदी बसत नाही. सनशाइन येथे २०१९ साली उघडलेल्या जोन कर्नर रुग्णालयावर असे धार्मिक बंधन नाही. सिझेरियनच्या आदल्या दिवशी हे कळून काय उपयोग? प्रसूतीसाठी नाव नोंदवितानाच भगिनींनी स्पष्ट विचारावे, आणि सासूबाईंनी मध्ये बोलू नये, अशी नम्र सूचना.

आणि पतिराजांचे काय? पुरुषाची नसबंदी अधिक सोपी. पोट उघडावे लागत नाही, त्याच दिवशी घरी येता येते. तरीही भारताच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुषांचे अवघे ०.३ टक्के आढळले. सामानासोबत ही प्रथाही आपण समुद्रापार आणली आहे काय, याचा पुरुषवर्गाने घरी बसून विचार करावा. बाळंतपणाच्या निदान तीन महिने आधी.