उणे चिन्हाची जागा

'त्याने येण्याचे ठरवले नाही' आणि 'त्याने न येण्याचे ठरवले' ही दोन वाक्ये मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. नकार एकच, पण पहिल्यात तो ठरवण्यावर बसला आहे, दुसऱ्यात येण्यावर. पहिल्या गृहस्थाची वाट पाहायला हरकत नाही. दुसऱ्याच्या वाटणीचा फराळ आपण खुशाल खाऊन टाकावा!

ही वाक्ये गणिताच्या कामी येतील असे मात्र वाटले नव्हते. अकरावीतल्या आमच्या पुतणीने यंदा जाहीर केले, "काका, मी भाषेची मुलगी. गणित सोडणार." कारण काय, तर फलांचे आलेख. चिन्ह बाहेर असले की वर-खाली, आत असले की डावे-उजवे, असे तिने पाठ केले होते, आणि परीक्षेत त्याची नेमकी अदलाबदल झाली.

मी तिला म्हटले, पाठ करू नकोस; वाच. य म्हणजे क्षचे वर्गमूळ, हे फल घे. क्ष ४ असता य २. आता उणे चिन्ह वर्गमुळाच्या बाहेर लाव. क्ष ४ तसाच राहिला, उत्तर मात्र उणे २ झाले. प्रत्येक बिंदू जितका वर होता तितकाच खाली उतरला. क्ष-अक्ष म्हणजे तळ्याचे पाणी, आणि त्यात काठावरच्या देवळाचे प्रतिबिंब पडले आहे. तेच चिन्ह आत, क्षच्या पुढे लाव. आता २ हे उत्तर मिळवायला क्ष उणे ४ हवा. उंची तीच, बाजू बदलली. य-अक्ष हा उभा आरसा झाला.

"पण वर्गमुळात ऋण संख्या चालत नाही ना?" तिने मला अडवले. प्रश्न चोख होता. पण 'उणे क्ष' ही ऋण संख्याच असते असे कुठे आहे? क्ष स्वतःच उणे ४ असेल, तर उणे क्ष म्हणजे ४. म्हणून तर हा आलेख शून्यापासून डावीकडेच पसरतो. नकाराचा नकार म्हणजे होकार, हे तर तिला मराठीच्या तासालाच कळले होते.

मग ती आपणहून पुढे गेली. क्षच्या वर्गाचा आलेख उभ्या आरशात जसाच्या तसा राहतो. 'नवजीवन' हा शब्द कोणत्याही टोकाकडून वाचावा तसा. क्षच्या घनाचा आलेख पाण्यात पाहा की आरशात, मिळतो तो एकच. गणित सोडण्याची भाषा त्या संध्याकाळपुरती तरी थांबली.

देकार्तने १६३७ साली आपल्या भूमितीच्या ग्रंथात समीकरण आणि वक्ररेषा यांची सोयरीक जुळवली. आपण मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची 'भाषेची' आणि 'गणिताची' अशी फारकत करून मोकळे होतो. दिवाळीत दारापुढे ठिपके मांडून जी मुलगी रांगोळीची डावी बाजू उजवीशी बिनचूक जुळवते, तिला 'तुझे डोके गणिताचे नाही' असे सांगण्यापूर्वी वाचकहो, ती रांगोळी एकदा नीट पाहावी.