नाव बदला, पण पुसू नका!

मेसमधल्या टीव्हीवर एखाद्या शहराच्या नामांतराची बातमी लागली की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "परक्यांची सगळी नावं काढून टाका." दुसरी म्हणते, "नावाने काय फरक पडतो राव? आधी रस्ते नीट करा!" मला विचाराल तर दोन्ही पार्ट्यांचं अर्धंच बरोबर आहे. पटत नसेल तर एकच नाव घेऊन बघू : व्हिक्टोरिया.

मुंबईकरांना हे नाव पाठ आहे. व्हीटी स्टेशन, राणीची बाग, घोडागाडीवाली व्हिक्टोरिया आणि आपल्या इंजिनीअरिंगच्या दुनियेतलं व्हीजेटीआय. आता जगाचा नकाशा उघडा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया नावाचं अख्खं राज्य. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाची राजधानी व्हिक्टोरिया, सेशेल्सचीही व्हिक्टोरिया. आफ्रिकेतलं सर्वांत मोठं सरोवर व्हिक्टोरिया आणि झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरचा तो प्रचंड धबधबाही व्हिक्टोरियाच! आणि जिच्यावरून ही नावं पडली, त्या राणीने १८३७ ते १९०१ एवढा काळ राज्य केलं, पण ना ती कधी भारतात आली, ना आफ्रिकेत गेली.

मग त्या जागांना आधी नावं नव्हती का? होती की! १८५५ साली लिव्हिंग्स्टन धबधब्यापाशी पोचला, तेव्हा तिथले लोक त्याला 'मोसी-ओआ-तुन्या' म्हणायचे. म्हणजे गडगडणारा धूर. याहून नेमकं नाव कोण देणार? १८५८ साली स्पीकने सरोवर पाहिलं आणि तेही राणीला वाहिलं. गांडा लोकांचं 'नालुबाले' नाव नकाशावर आलंच नाही. तिथं राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. नावाने काहीच फरक पडत नसता, तर साहेबाने एवढी मेहनत घेतली असती का?

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. लॅटिनमध्ये व्हिक्टोरिया म्हणजे विजय. मेक्सिकोत स्पेनच्या सत्तेविरुद्ध लढणाऱ्या होसे मिगेल फर्नांडेझ फेलिक्सने स्वतःचं नावच बदलून ग्वादालुपे व्हिक्टोरिया असं घेतलं. १८२४ साली तो मेक्सिकोचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. तेव्हा आपली राणी गादीवरसुद्धा बसली नव्हती. तिथलं स्यूदाद व्हिक्टोरिया हे शहर त्याच्या नावाचं आहे. म्हणजे बघा, तोच शब्द एका ठिकाणी साम्राज्याचा शिक्का आणि दुसऱ्या ठिकाणी स्वातंत्र्याची खूण. तेव्हा दोष शब्दाचा नाही. तो कुणी दिला आणि कुणाला विचारून दिला, हा खरा प्रश्न.

म्हणून आपल्याकडे नावं बदलली ते योग्यच झालं. १९९६ साली व्हीटीचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ साली त्यात 'महाराज' आलं. १८८७ साली राणीच्या ज्युबिलीनिमित्त निघालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९९७ साली वीरमाता जिजाबाईंच्या नावाची झाली. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली, अर्थ मात्र आपला झाला. झकास!

माझी तक्रार पुढची आहे. नवी पाटी लागली की जुनी गोष्ट आपण विसरूनच जातो. त्या स्टेशनाचं डिझाइन फ्रेडरिक स्टीव्हन्सचं. नक्षीकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आपल्याच वयाची पोरं होती ती! त्यातल्या एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येतं का?

मित्रांनो, ड्रॉइंग शीटवर रिव्हिजन टाकताना आपण जुना नंबर खोडत नाही. काय बदललं आणि कधी बदललं, ते कोपऱ्यात लिहितो. गावांच्या आणि इमारतींच्या पाट्यांवर हे का नको? युनेस्कोच्या वारसायादीत १९८९ पासून तो धबधबा 'मोसी-ओआ-तुन्या / व्हिक्टोरिया फॉल्स' असा दोन्ही नावांनी आहे. त्यामुळे मूळ नाव परत मिळालं आणि इतिहासही शाबूत राहिला.

उद्या साइटवर गेलात की पूल, धरणं, रस्ते तुमच्याच हातून उभे राहणार आहेत. तेव्हा नाव सुचवायची वेळ आली, तर आधी शेजारच्या गावात जाऊन एक प्रश्न विचारा : "तुम्ही या जागेला काय म्हणता?"